पक्ष्यांकरितां पिठांतील अळ्यांची जोपासना

दयाळ, बुलबुल, साळुंकी इत्यादि पक्षी बांधावरील व परसांतील किडे टिपून कास्तकाराची चाकरी फुकट करीत असतात. त्यांच्या पिलांस तर किड्यांचाच आहार मुख्यत्वें लागतो. दाणे टिपणारी चिमणीसुद्धां आपल्या पिलांस प्रथम किडेच भरविते. जेथें औषधांच्या फवाऱ्यानें किडे नाहींसे झाले आहेत, तेथें विणीच्या दिवसांत ह्या पक्ष्यांची फार ओढाताण होते. अशा वेळीं घरीं वाढविलेल्या जिवंत अळ्या त्यांस घालतां येतात. इंग्लंडांत रॉबिन पक्ष्यास ह्या अळ्या घालण्याची चाल रूढ आहे.

ही अळी पिवळट, कठीण सालीची व सुमारें एक इंच लांब असते. शास्त्रांत तिला टेनेब्रिओ मॉलिटर म्हणतात. एका काळसर भुंगेऱ्याची ही बाल्यावस्था होय. उबदार हवेंत अंडें एक-दोन आठवड्यांत फुटतें. अळीची वाढ पुरी होण्यास अडीच-तीन महिने, कधीं अधिकहि लागतात. नंतर ती एक ते तीन आठवडे कोषांत राहते. भुंगेरा दोन-तीन महिने जगतो व तेवढ्यांत मादी कित्येक शें अंडीं घालते.

कृति सोपी आहे. गुळगुळीत बाजूंचा पसरट पत्र्याचा डबा घेऊन झांकणास बारीक जाळी बसवावी. कडक उन्हांत तापवून निवविलेला गव्हाचा कोंडा त्यांत चार बोटें पसरावा व विकत आणलेल्या २००-२५० अळ्या सोडाव्या. पाणी ठेवूं नये. गाजराची किंवा बटाट्याची चकती ओलाव्यास पुरते. ती दर दोन दिवसांनीं बदलावी, नाहींतर बुरशी येते. भुंगेरे अंडीं व कोष खातात, म्हणून कोष वेचून निराळे ठेवावे आणि भुंगेरे दर पंधरवड्यास नव्या डब्यांत घालावे. मुंग्या लागूं नयेत म्हणून डबा पाण्याच्या परातींत विटेवर ठेवावा.

आतां मुख्य इशारा. हीच अळी साठवणीच्या धान्याची व पिठाची कीड आहे. म्हणून डबा कणगी, कोठार किंवा पिठाची गिरणी ह्यांच्या जवळपास ठेवूं नये; दूरच्या पडवींत ठेवावा. जुना कोंडा उघड्यावर टाकूं नये. उकळतें पाणी ओतून अंडीं मारल्यावरच तो खताच्या खड्ड्यांत घालावा. एवढी दक्षता ज्यांच्यानें होणार नाहीं, त्यांनीं ह्या उद्योगांत पडूं नये, हेंच बरें.

दुसरी गोष्ट आहाराची. वाळलेल्या अळींत शेंकडा सुमारें ५० भाग प्रथिनें असून चरबीहि पुष्कळ असते. परंतु चुन्याचा अंश फारच थोडा. केवळ ह्यांवर वाढलेल्या पिलांचीं हाडें कच्चीं राहण्याचा संभव असतो. याकरितां अंड्यांच्या कवचांची भाजून केलेली बारीक पूड अळ्यांस चोळावी. सकाळीं मूठभराहून कमी अळ्या उथळ, गुळगुळीत बशींत, मांजर पोंचणार नाहीं अशा उंच जागीं ठेवाव्या. उरलेल्या सायंकाळीं उचलाव्या.

चैत्रापासून आषाढापर्यंत एवढें केलें म्हणजे पुरे. मात्र ही जोड आहे, मूळ आहार नव्हे. बांधावरचीं झाडें राखणें व फवारा गरजेपुरताच मारणें, हीच पक्ष्यांची खरी शिदोरी, असें आम्हांस वाटतें.