शेअरची सावड : ब्लॉगचे वाचक वाढतात की नुसता आकडा?

ब्लॉग सुरू करणे हे काही आता अवघड काम राहिलेले नाही. ब्लॉगर ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली, २००३ मध्ये गुगलने ती विकत घेतली आणि त्याच वर्षी वर्डप्रेसही आले. तेव्हापासून एक ई-मेल खाते आणि अर्धा तास एवढ्या भांडवलावर कोणीही लेखक होऊ शकतो. होस्टेलवर बघा, कोणी गडकिल्ल्यांवर लिहितो, कोणी कविता करतो, कोणी सी प्रोग्रॅमिंगचे धडे लिहितो. अडचण येते ती पुढे. लेख टाकून दोन दिवस झाले, आकडा ११. त्यातले चार वेळा आपणच उघडून पाहिलेले!

मग कोणीतरी सुचवतो, "अरे, एक ग्रुप करू. तू माझं शेअर कर, मी तुझं करतो." कल्पना वाईट नाही. पण ती कुठपर्यंत चालते आणि कुठे फसते, हे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने आकडेमोड करून तपासायला हवे. या लेखात तेच करू या.

१) ही पद्धत म्हणजे काय?

गावाकडे सावड असते. एकाची बैलजोडी, दुसऱ्याची माणसे, दोघे मिळून आज याचे शेत उरकतात, उद्या त्याचे. पैशाचा व्यवहार नाही, कामाची फेड कामाने. शेअरिंग ग्रुप ही तशीच सावड आहे. फेसबुक, व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर दहा-वीस ब्लॉगर एकत्र येतात. ठरलेल्या दिवशी प्रत्येकाने आपली लिंक टाकायची आणि बाकीच्यांच्या लिंक उघडून, लाईक करून, आपल्या भिंतीवर शेअर करायच्या. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये मुख्य फीडमधला वेळेचा क्रम काढून आवडीच्या अंदाजाप्रमाणे क्रम लावायला सुरुवात केली. त्यानंतर तिकडेही असे गट बोकाळले, त्यांना 'पॉड' म्हणतात.

२) कल्पना जुनीच आहे

सोशल मीडियाच्या आधीही हे होते. १९९५ च्या सुमारास सेज वाइल या अमेरिकन विद्यार्थ्याने 'वेबरिंग' सुरू केले. एकाच विषयाच्या साइट्स साखळीत गुंफायच्या. प्रत्येक पानाच्या तळाशी 'पुढील' आणि 'मागील' अशी बटणे. शेवटच्या साइटवरून पुन्हा पहिलीवर. (हाच सेज वाइल पुढे 'सेफ' या स्टोरेज प्रणालीचा जनक म्हणून प्रसिद्ध झाला.)

१९९६ मध्ये टोनी शे आणि संजय मदन यांनी 'लिंकएक्स्चेंज' काढले. हिशेब सरळ होता. तुमच्या साइटवर इतरांच्या दोन जाहिरात-पट्ट्या दिसल्या की तुमची एक पट्टी दुसऱ्याच्या साइटवर दिसणार. उरलेली एक जागा कंपनी स्वतः विकणार. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी २६.५ कोटी डॉलरला घेतली. म्हणजे 'तू माझं दाखव, मी तुझं दाखवतो' या एका वाक्याची तेव्हाही चांगली किंमत होती. पण दोन देऊन एक मिळत होते, हे विसरू नका.

त्याच वर्षी लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये 'पेजरँक' मांडले. एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे एक मत, आणि ज्याला स्वतःला जास्त मते त्याच्या मताला जास्त वजन, हे त्याचे सूत्र. त्यात एक गंमत आहे. दोन पाने फक्त एकमेकांनाच लिंक देत असतील आणि त्यांना बाहेरून एखादी लिंक आली, तर आत आलेले वजन बाहेर पडतच नाही, तिथेच साचत जाते. पेज-ब्रिन यांनी याला 'रँक सिंक' म्हटले. सिंकमध्ये पाणी तुंबावे तसे. उपाय म्हणून त्यांनी असा वाचक कल्पिला की जो सुमारे ८५ टक्के वेळा लिंकवरून पुढे जातो आणि १५ टक्के वेळा कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. म्हणजेच आपापसात पाठ थोपटणाऱ्या टोळीचा प्रश्न गुगलच्या जन्मापासून माहीत होता. २४ एप्रिल २०१२ रोजी गुगलने 'पेंग्विन' हा बदल आणला, तेव्हा बनावट लिंकांच्या जोरावर वर आलेल्या अनेक साइट्स खाली घसरल्या. केवळ क्रमांक वाढवण्यासाठी केलेली लिंकांची अतोनात देवाणघेवाण आजही गुगलच्या नियमात स्पॅम धरली जाते.

३) किरचॉफचा नियम लावून पाहा

पहिल्या वर्षाला आपण शिकलो : एका नोडमध्ये येणाऱ्या प्रवाहांची बेरीज बाहेर जाणाऱ्या प्रवाहांच्या बेरजेइतकी असते. बंद ग्रुपचेही तसेच आहे. ग्रुपमध्ये मिळालेले प्रत्येक वाचन हे ग्रुपमधल्याच कोणीतरी दिलेले असते.

समजा ग्रुपमध्ये २० जण आहेत आणि प्रत्येक जण आठवड्याला एक लेख टाकतो. प्रत्येकाला १९ वाचक मिळतात आणि प्रत्येकाला १९ लेख वाचावे लागतात. एका लेखाला ६ मिनिटे धरली तर ११४ मिनिटे, म्हणजे जवळजवळ दोन तास. "मग मेंबर वाढवू," असे म्हणून ४० जण केले तर वाचक ३९ आणि वाचनाचा वेळ २३४ मिनिटे. वाचक दुप्पट, मजुरीही दुप्पट. सबमिशनच्या आठवड्यात हे कोण करणार?

थोडक्यात, ग्रुपच्या आत वाचक तयार होत नाही, तो फक्त फिरतो. खरा फायदा होतो तो शेअर बाहेर पोचतो तेव्हा, म्हणजे तुमच्या मित्राच्या अशा ओळखीच्यांपर्यंत, जे तुमच्या ओळखीचे नाहीत. इथेच बहुतेक ग्रुप मार खातात. समजा आपल्याच ब्रँचच्या २० जणांनी ग्रुप केला आणि प्रत्येकाचे ३०० संपर्क आहेत. कागदावर झाले ६०००. पण सगळ्यांचे मित्र तेच! एकूण वेगळी माणसे ४०० असतील, तर तीच लिंक एकेका माणसाला सरासरी १५ वेळा दिसणार. त्याला वाचक मिळणे म्हणत नाहीत, वैताग देणे म्हणतात. उलट पाचच जण घ्या. एक नागपूरचा, एक कोल्हापूरचा, एक नोकरी करणारा, एक शिक्षक, एक आपण. संपर्क फारसे सामाईक नसतील तर पाच गुणिले ३००, म्हणजे १५०० च्या आसपास वेगळी माणसे. पाच जण विसांना भारी पडतात ते असे.

४) शेअर दिसतो, वाचन दिसत नाही

रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास संगणकावर एक स्पर्धा घेतली होती. 'कैद्यांचा पेच' हा खेळ पुन्हा पुन्हा खेळणारे प्रोग्रॅम लोकांकडून मागवले. जिंकला तो सगळ्यात छोटा प्रोग्रॅम, अनातोल रॅपोपोर्ट यांचा 'जशास तसे'. पहिल्या खेपेला सहकार्य करायचे, नंतर समोरच्याने जे केले तेच करायचे. दुसऱ्या स्पर्धेत ६० हून अधिक प्रोग्रॅम आले, तरी पुन्हा तोच जिंकला.

आपल्या ग्रुपचा पाया हाच आहे. पण 'जशास तसे' चालण्यासाठी एक अट आहे : समोरच्याने काय केले ते दिसले पाहिजे. सावडीत शेत नांगरले की नाही हे बांधावरून दिसते. ग्रुपमध्ये शेअर केले की नाही हे दिसते, वाचले की नाही हे दिसत नाही. मग माणूस साहजिकच दिसणारे काम करतो आणि न दिसणारे टाळतो. लिंक उघडायची, लगेच बंद करायची, 'छान लेख, लिहीत राहा' असे चिकटवायचे, शेअर दाबायचे. महिन्याभरात सगळ्यांचे शेअर वाढलेले असतात आणि कोणीच कोणाचे वाचत नसते. जर्नल एकमेकांचे बघून उतरवणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको!

उंटाच्या लग्नात गाढव गायला आले आणि दोघांनी एकमेकांच्या रूपाची-आवाजाची तारीफ केली, ही सुभाषितातली गोष्ट आपल्याला माहीत आहे. त्यात नुकसान कोणाचे? उंटाचे आणि गाढवाचेच. कारण आपले कुठे चुकते हे दोघांनाही कधी कळणार नाही.

५) नुकसान वाचणाऱ्याचेही

परीक्षेच्या आदल्या रात्री एखादा ज्युनिअर 'लाप्लास ट्रान्सफॉर्म सोप्या मराठीत' असे शोधतो. तो मराठी माध्यमातून आलेला आहे, इंग्रजी पुस्तक डोक्यावरून जाते. त्याच्यासमोर जो लेख येईल त्यावर त्याचा पेपर अवलंबून आहे. तो लेख टोळीच्या शेअरवर त्याच्यापर्यंत पोचला असेल आणि त्यात उदाहरणच चुकीचे सोडवलेले असेल, तर? वीस जणांनी 'छान' म्हटले होते, पण गणित एकानेही तपासले नव्हते. मराठीत तांत्रिक लिखाण आधीच कमी. त्यात अशी भर पडली तर लोक म्हणणार, मराठीत काही धड मिळतच नाही.

सोशल मीडिया कंपन्यांनाही हे खेळ कळले आहेत. 'लाईक करा, शेअर करा, मित्राला टॅग करा' अशी गळ घालणाऱ्या पोस्ट खाली ढकलणार असल्याचे फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर केले. जानेवारी २०१८ मध्ये माणसामाणसांतल्या खऱ्या संवादाला जास्त महत्त्व देणार असल्याचेही सांगितले. ढीगभर कोरडे शेअर करून आपलीच पोस्ट दबली जाण्याची शक्यता आहे.

६) मग ग्रुप करायचा तर कसा?

अ) विषय जुळणारे, वर्तुळ वेगळे असे लोक घ्या. गडकिल्ल्यांवर लिहिणाऱ्याला दुसऱ्या गावचा ट्रेकर उपयोगी, शेजारच्या खोलीतला कवी नव्हे. (कवीने रागावू नये.)

आ) ५ ते ७ जण पुरेत. सगळ्यांनी सगळ्यांचे खरोखर वाचता आले पाहिजे, एवढाच आकार.

इ) शेअरची सक्ती नको. सक्ती वाचनाची ठेवा आणि ती दिसेल अशी करा. लेख छापण्याआधी कच्चा मसुदा ग्रुपमध्ये टाका आणि प्रत्येकाने एक चूक, एक न कळलेले वाक्य आणि एक आवडलेला मुद्दा कळवायचा. न वाचता हे तिन्ही सांगताच येत नाहीत. ग्रुपचा सर्वात मोठा उपयोग हाच आहे, शेअर त्यानंतर.

ई) शेअर करताना नुसती लिंक फेकू नका. 'सर्किट्सच्या पेपरला बसणाऱ्यांनी तिसरे उदाहरण जरूर पाहा' अशा स्वतःच्या दोन ओळी लिहा. लेख कोणासाठी आहे हे कळले की योग्य माणूस उघडतो.

उ) आठवड्याला एकापेक्षा जास्त शेअर नको आणि परीक्षेच्या काळात ग्रुपला सुट्टी.

ऊ) काही गोष्टी कटाक्षाने टाळा. एकमेकांच्या ब्लॉगवरच्या गुगल जाहिरातींवर क्लिक करण्याचा करार कधीही करू नका. तो ॲडसेन्सच्या नियमांचा सरळ भंग आहे आणि खाते कायमचे बंद होऊ शकते. आपोआप शेअर करून देणाऱ्या कुठल्याही ॲपला आपला पासवर्ड देऊ नका. खोटी खाती काढू नका.

७) फायदा झाला की नाही, कसे मोजायचे?

एकूण व्ह्यूजचा आकडा फसवा असतो. ब्लॉगरमध्ये स्वतःची भेट न मोजण्याची सोय आहे, ती आधी चालू करा. ग्रुपसाठी द्यायच्या लिंकला यूटीएम खूण जोडा, म्हणजे ग्रुपमार्फत आलेला वाचक आणि बाकीचे वेगवेगळे दिसतील. गुगल ॲनालिटिक्समध्ये साधारणपणे १० सेकंदांपेक्षा जास्त टिकलेली किंवा निदान दोन पाने पाहिलेली भेट 'गुंतलेली' धरतात. तो आकडा पाहा. लोक कोणते शब्द शोधून आले हे सर्च कन्सोलमध्ये दिसते. पुढचा लेख कशावर लिहायचा, याचे उत्तर पुष्कळदा त्या यादीतच असते.

आणि एक प्रयोग जरूर करा. दोन आठवडे ग्रुपमध्ये काहीही शेअर करू नका. त्या काळात जे येतील ते तुमचे वाचक. आकडा शून्यावर आला तर ग्रुप तुम्हाला उचलून धरत होता. चार जण उरले तरी हरकत नाही. त्या चौघांना काय हवे ते विचारा आणि त्यांच्यासाठी लिहा.

सावड पेरणीपुरती असते. बैल दुसऱ्याचे, माणसे दुसऱ्याची, पण बियाणे आपले आपणच आणायचे असते. तेव्हा मित्रहो, ग्रुप जरूर करा, मात्र पहिल्या मीटिंगला लिंक आणू नका. लिहिलेला कच्चा लेख आणा.