जेफरसनची वही



मी समीक्षक नाही. बँकेत कारकुनी करणारा, कला शाखेचा पदवीधर आहे. तरी एका इंग्रजी कादंबरीविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो आहे, कारण ती वाचल्यापासून काउंटरवर बसताना मला पूर्वीइतके निर्धास्त वाटत नाही.

कादंबरीचे नाव 'अ लेसन बिफोर डाइंग', म्हणजे मरणाआधीचा धडा. लेखक अर्नेस्ट जे. गेन्स. प्रकाशन १९९३. त्याच वर्षासाठी तिला अमेरिकेतील नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कलचे पारितोषिक मिळाले. गेन्स यांचा जन्म १९३३ साली लुइझियाना राज्यातील एका मळ्यावर, कृष्णवर्णीय मजुरांच्या वस्तीत झाला. लहानपणी तेही शेतात राबले. मळ्यावरच्या चर्चमध्ये शाळा भरे, तीही मळ्याच्या कामातून मुले मोकळी होतील तेवढे महिने. पुढचे शिक्षण तेथे नव्हते म्हणून पंधराव्या वर्षी ते कॅलिफोर्नियाला गेले आणि सार्वजनिक ग्रंथालयात त्यांना पुस्तकांचा नाद लागला. २०१९ साली त्यांचे निधन झाले. ज्या मळ्यावर जन्म झाला तेथलीच थोडी जमीन त्यांनी व त्यांच्या पत्नीने उतारवयात विकत घेतली आणि ती जुनी चर्च-शाळा तेथे आणून जतन केली. ही हकिकत मला कादंबरीइतकीच मोलाची वाटते.

आता कथानक. काळ १९४० च्या दशकातला. जेफरसन हा एकवीस वर्षांचा मजूर. ओळखीच्या दोघांच्या गाडीत बसतो. ते दोघे एका गोऱ्या दुकानदाराकडे उधारीवर दारू मागतात, बाचाबाची होते, गोळ्या झडतात. दुकानदार आणि ते दोघे, तिघेही मरतात. जेफरसन तेवढा उरतो आणि भांबावलेल्या अवस्थेत गल्ल्यातले पैसे उचलतो. खटला उभा राहतो. ज्युरीत बारा गोरे पुरुष. निकाल काय लागणार हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते.

पण ज्या वाक्याने कादंबरी पेटते ते सरकारी वकिलाचे नाही. ते आहे बचावाच्या वकिलाचे. त्याचा युक्तिवाद असा की, हा प्राणी बेत रचून खून करील एवढी अक्कल त्याला आहेच कुठे? याला विजेच्या खुर्चीत बसवणे म्हणजे एखाद्या डुकराला बसवण्यासारखे आहे. पाहा, हेतू त्याचा जीव वाचवण्याचा! शत्रूने शिवी दिली तर माणूस उलटून बोलतो. कैवार घेणाऱ्यानेच जनावर ठरवले तर कोणाकडे दाद मागायची? जीव तर वाचत नाहीच, शब्द मात्र जेफरसनच्या मनात रुतून बसतो. कोठडीत भेटायला आलेल्यांसमोर तो खाली वाकून, हात न लावता, तोंडानेच अन्न खाऊन दाखवतो. डुक्कर म्हणालात ना? मग घ्या.

त्याला लहानाचा मोठा करणारी धर्ममाता मिस एमा हिने आयुष्यभर मळ्याच्या मालकाकडे स्वयंपाक केला. तिला कायदा कळत नाही, अपिलाची आशा ती धरत नाही. तिचे मागणे एकच: माझे पोर त्या खुर्चीकडे माणसासारखे, स्वतःच्या पायांनी चालत जावे. आणि ते त्याला शिकवण्याचे काम ती मळ्यावरच्या शाळामास्तरवर, ग्रँट विगिन्सवर टाकते.

ग्रँटला ते नको असते. तो विद्यापीठात शिकलेला, गाव सोडून जाण्याची स्वप्ने पाहणारा. परंतु बंदिवास काय फक्त जेफरसनचा आहे? तुरुंगात भेटीची परवानगी मागायला ग्रँटला मालकाच्या घरी मागच्या दाराने जावे लागते आणि स्वयंपाकघरात तास-दोन तास तिष्ठत राहावे लागते. शेरीफसमोर तोंड उघडताना त्याच्या मनात व्याकरणाचा घोळ चालतो. शुद्ध बोलावे तर साहेबाला उर्मट वाटणार. अशुद्ध बोलावे तर आपल्याच शिक्षणावर बोळा फिरवल्यासारखे. शाळा तपासायला आलेला अधिकारी मुलांचे दात नि हात तपासतो, जणू गुलामांच्या बाजारात उभा आहे.

ही सारी निव्वळ कल्पना नव्हे. विली फ्रान्सिस नावाच्या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला लुइझियानातच ३ मे १९४६ रोजी विजेच्या खुर्चीत बसवले होते. खुर्ची फिरती होती, ट्रकमधून गावोगाव नेत. त्या दिवशी ती नीट चालली नाही आणि मुलगा वाचला. त्याला पुन्हा बसवता येईल का, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पाच विरुद्ध चार मतांनी निकाल त्याच्याविरुद्ध लागला आणि ९ मे १९४७ रोजी शिक्षा अमलात आली. कादंबरीतही ती खुर्ची ट्रकमधूनच येते आणि जनित्राची घरघर साऱ्या गावाला ऐकू येते. याच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून, निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागवली होती, हे आपल्या विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावे.

ग्रँट जेफरसनला काय शिकवतो? खरे म्हणजे काहीच नाही. व्याख्यान देतो ते वाया जाते. उपयोगी पडतात त्या लहानसहान गोष्टी. मिस एमा शेरीफच्या बायकोकडे जाऊन गळ घालते की, भेट कोठडीत नको, टेबल-खुर्च्या असलेल्या खोलीत होऊ द्या, म्हणजे आम्ही बसून जेवू. पायात बेड्या असल्या तरी चालतील, पण टेबल हवे! मग ग्रँट वर्गणी करून एक छोटा रेडिओ आणतो. आणि शेवटी एक वही व पेन्सिल. मनात येईल ते लिही म्हणतो.

येथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. निराधार योजनेचे पैसे काढायला एक आजीबाई आमच्या शाखेत येत. एकदा मी सवयीने शाईचे पॅड पुढे सरकवले. त्या म्हणाल्या, "साहेब, मला सही येते आता. नातीनं शिकवली." मी म्हणालो, "मावशी, अंगठाच द्या. रांग मोठी आहे, तुम्हालाच उशीर होईल." खात्यावर अंगठा नोंदलेला, म्हणजे नियमाने मी बरोबरच होतो. पण नोंद बदलण्याचा अर्ज माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. त्यांनी अंगठा दिला, शाई पदराला पुसली आणि गेल्या. वाईट बोललो नव्हतो. त्यांच्या सोयीचेच बोललो होतो. त्या वकिलासारखे! कादंबरी वाचल्यावर मी अर्ज काढून ठेवला. पुढच्या खेपेला पुढे केला तर म्हणाल्या, "आता राहू द्या साहेब."

जेफरसनची वही हे कादंबरीतले एकोणतिसावे प्रकरण. जवळजवळ सारी कादंबरी ग्रँट सांगतो, हे एवढेच जेफरसन स्वतः लिहितो. विरामचिन्हे नाहीत, कॅपिटल अक्षरे नाहीत, कानाला ऐकू येईल तसे स्पेलिंग. शाळेतली मुले भेटून गेली, म्हातारी माणसे भेटून गेली, झोप येत नाही, असे लिहितो. शेरीफ येऊन विचारतो, तुला आम्ही नीट वागवले ना? तसे वहीत लिही. ज्याने त्याला कोंडले त्यालाही आता त्या वहीत आपले नाव चांगले यावेसे वाटते. एका पेन्सिलीने केवढी उलथापालथ केली!

आणखी एक प्रसंग आपल्यासारख्या शिकलेल्यांना झोंबणारा आहे. गावचे धर्मोपदेशक अँब्रोज ग्रँटला सुनावतात की, तू शाळेत गेलास, पण शिकला नाहीस. तुला विद्यापीठात पाठवताना तुझ्या मावशीचे गुडघे चर्चमध्ये रडत प्रार्थना करताना कसे सोलवटले, ते तिने तुला कधी दिसू दिले नाही आणि तूही कधी पाहिले नाहीस. परमेश्वराच्या प्रश्नावर ग्रँट त्यांच्याशी अखेरपर्यंत सहमत होत नाही आणि मला त्याचेच पटते. पण गुडघ्यांच्या बाबतीत तो निरुत्तर होतो. माझ्या आईच्या हातांकडे मी तरी कधी निरखून पाहिले होते?

शिक्षेच्या दिवशी ग्रँट तुरुंगात जात नाही. तेवढे धैर्य त्याला होत नाही आणि लेखक ते झाकूनही ठेवत नाही. पॉल नावाचा तरुण गोरा शिपाई वही घेऊन शाळेत येतो आणि सांगतो की, त्या गर्दीच्या खोलीत सर्वांत खंबीर जेफरसनच होता. आपण चालत गेलो, एवढा निरोप त्याने मिस एमासाठी ठेवला होता. ग्रँट वर्गात परततो, मुलांसमोर उभा राहतो, आणि त्याला रडू आवरत नाही.

इंग्रजी जड वाटेल म्हणून कोणी बिचकू नये. मीही शब्दकोश उशाशी ठेवूनच वाचली. वहीचे प्रकरण मात्र शब्दकोशात सापडणार नाही. ते मोठ्याने वाचावे लागते, मग कानाला कळते. माझी प्रत संस्थेच्या वाचनालयात देत आहे. समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या खोडल्या नाहीत.