अर्धवट सुटलेली पदवी आणि मागील बाकी

व्यापारात वर्ष संपले की जुनी वही बांधून ठेवतात आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘मागील बाकी पुढे आणली’ असे लिहून हिशेब सुरू होतो. शिक्षण मध्येच सुटलेल्या माणसाला मात्र कोणी सांगत नाही की त्याची मागील बाकी पुढे आणता येते किंवा नाही, आणि येत असेल तर किती. आपल्या दुकानदार आणि कारागीर बांधवांत असे लोक घरोघरी आहेत. कोणी बारावी करून मागावर बसला, कोणी बी.ए.चे एक वर्ष करून वडिलांच्या गादीवर आला. या लेखात त्या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, कारण त्याच प्रश्नापायी आम्ही स्वतः पैसे आणि एक वर्ष गमावले आहे.

आमचे दहावीपर्यंतचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. बारावीनंतर बी.कॉम.ची दोन वर्षे केली. १९९१ साली अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मोहाडीचे कापडाचे दुकान आमच्याकडे आले. तेव्हापासून मालाची खरेदी, आंधळगावच्या विणकरांकडून कोशाचे कापड उचलणे, उधारी वसूल करणे यातच तीस वर्षे गेली. २०१७ साली जीएसटी आला. आमचे सर्व काम एका करसल्लागाराच्या भरवशावर होते. त्याने विवरणपत्रे वेळेवर भरली नाहीत आणि दंड आम्ही भरला. कागद आमच्या समोर होते, सही आमचीच होती, परंतु आम्हाला ते वाचता येत नव्हते. त्या दिवशी वाटले की सुटलेले तिसरे वर्ष पुरे करावे.

करोनाच्या साथीनंतर, २०२२ साली, एका गावी ‘प्रवेश मार्गदर्शन केंद्र’ असा फलक पाहिला. आत बसलेल्या इसमाने सांगितले की तुमची दोन वर्षे ‘अ‍ॅडजस्ट’ करून देतो, थेट तिसऱ्या वर्षाला बसा, एका वर्षात पदवी हातात. एकूण रक्कम अठरा हजार, त्यातले नऊ हजार आगाऊ. आम्ही व्यापारी माणूस, चार पैशांच्या सवलतीसाठी तासभर घासाघीस करणारे. पण त्या दिवशी पावतीसुद्धा मागितली नाही. पुढे ते केंद्र बंद झाले. नऊ हजार गेले ते गेलेच, शिवाय त्या वर्षाची प्रवेशाची मुदतही निघून गेली. आम्ही आमच्या जुन्या गुणपत्रिकांची किंमत काय हे आधी योग्य जागी विचारले असते तर हे टळले असते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. नव्या पद्धतीत शिक्षणाचे माप वर्षांनी नव्हे तर श्रेयांकांनी होते, ज्याला सगळे क्रेडिट म्हणतात. आपल्याकडे क्रेडिट म्हणजे उधार. इथे अर्थ उलटा, क्रेडिट म्हणजे जमा. एखादा विषय पास झाला की ठराविक श्रेयांक नावावर जमा होतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. ही जमा ठेवण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू केली. तिथे विद्यार्थ्याचे खाते असते, त्याला बारा अंकी क्रमांक मिळतो आणि डिजिलॉकरमधून ते उघडता येते. एका संस्थेत मिळवलेली जमा दुसऱ्या संस्थेत नेण्याची सोय यातून झाली आहे.

पण बँकेचे नियम आहेत आणि ते माहीत नसले तर फसगत होते. पहिला नियम असा की या बँकेत २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासूनची कमाईच धरली जाते. आमच्या १९९१ च्या गुणपत्रिकेवर गुण आहेत, श्रेयांक नाहीत. ती या बँकेत कोणत्याही मार्गाने जात नाही. आम्ही मुक्त विद्यापीठात विचारले तेव्हा पहिल्या वर्षापासून बसावे लागेल असे सरळ उत्तर मिळाले. कडू होते, पण खरे होते. आमची फक्त बारावी कामास आली. बारावीचे प्रमाणपत्र शिळे होत नाही.

दुसरा नियम मुदतीचा. जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे जिवंत राहतात. २०२२ साली शिक्षण सोडलेल्या मुलाने २०२९ नंतर जाग येऊन चालणार नाही. तिसरा नियम लोक हमखास विसरतात: जी संस्था पदवी देणार तिच्याकडून निम्मे श्रेयांक तरी मिळवावेच लागतात. समजा कोणी दोन वर्षांत ८० श्रेयांक मिळवून कॉलेज सोडले. १२० च्या पदवीसाठी नव्या विद्यापीठात गेल्यास त्याचे ६० पेक्षा जास्त धरले जाणार नाहीत. वरचे २० त्या पदवीपुरते वाया. त्याच विद्यापीठात परत जाता आले तर हा प्रश्न येत नाही. तेव्हा बदली करण्यापूर्वी जुन्या दारावर एकदा थाप मारून पाहावी.

त्या ६० पैकीही किती धरायचे ते नवे विद्यापीठ विषय जुळवून ठरवते. कापडाच्या धंद्यातील माणसाला हे लगेच समजेल. गिऱ्हाईक घरून अर्धा तुकडा घेऊन येते आणि म्हणते, भाऊ, याच्याच जोडीचे उरलेले द्या. आपण आधी पन्हा पाहतो, मग पोत, मग रंग. पन्हा जुळला नाही तर शिंप्याकडे जाऊन उपयोग नाही. तद्वतच विषयाचे नाव सारखे असून भागत नाही. अभ्यासक्रमात काय शिकवले आणि ते किती श्रेयांकांचे होते हे पाहिले जाते. म्हणून जुन्या कॉलेजातून केवळ गुणपत्रिका आणू नये, त्या वर्षाच्या अभ्यासक्रमाची प्रतही शिक्क्यासह आणावी, आणि स्थलांतर प्रमाणपत्र मागून घ्यावे. मग नव्या विद्यापीठाला लेखी विचारावे की यातले काय काय धराल. उत्तर लेखी येईपर्यंत फी भरू नये. तोंडी ‘होऊन जाईल’ म्हणजे बाजारातील ‘उद्या देतो’.

आमच्या पुतण्याचे उदाहरण सांगतो. त्याने २०२२ साली एका महाविद्यालयात प्रवेश घेतला, दोन वर्षे केली आणि भावाच्या आजारपणात सोडून दुकानात आला. तो आपले सर्व शिक्षण पाण्यात गेले असे समजून बसला होता. खाते उघडून पाहिले तर पहिल्या वर्षाची जमा दिसत होती, दुसऱ्या वर्षाची नव्हती. श्रेयांक विद्यार्थी स्वतः भरू शकत नाही, ते संस्थेनेच चढवावे लागतात. महाविद्यालयात चौकशी केली तेव्हा कळले की त्याचे नाव जुळत नाही म्हणून नोंद अडकली आहे.

नावाची ही अडचण आपल्या लोकांत फार आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. शाळेच्या दाखल्यावर मोहम्मद, गुणपत्रिकेवर मो., आधारवर मुहम्मद, आणि इंग्रजीत प्रत्येक कारकुनाचे वेगळे स्पेलिंग. कुठे शेख आधी, कुठे शेवटी. मुलींच्या बाबतीत लग्नानंतरचे नाव आणि माहेरचे नाव. उर्दू शाळेच्या रजिस्टरात नाव उर्दूत बरोबर लिहिलेले असते, ते देवनागरीत आणि इंग्रजीत उतरवताना बिघडते. पूर्वी तोंडओळखीवर काम होत असे. आता यंत्र अक्षराला अक्षर जुळवते आणि न जुळल्यास गप्प बसते. यंत्राशी हुज्जत घालता येत नाही, म्हणून आमच्या मते प्रवेशाचा विचार करण्याच्या आधी हे काम उरकावे. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून आधार तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घेणे बहुधा सोपे पडते. गुणपत्रिकेतच चूक असेल तर शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज करावा. नाव मुळातच बदलायचे असेल तर शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करावे लागते. पुतण्याला आधार दुरुस्त करून महाविद्यालयाला लेखी अर्ज द्यावा लागला. अर्जाची पोच घेतली, हे महत्त्वाचे.

आता शिकायचे कुठे? हैदराबादेत १९८२ साली देशातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ साली दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ म्हणजे इग्नू आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. ज्याला कॉलेजात जाता येत नाही त्याच्या घरी शिक्षण न्यावे हा त्यामागचा विचार. वयाची वरची मर्यादा नाही. मराठीतून वाणिज्य शिकायचे तर नाशिक, हिंदी-इंग्रजीतून इग्नू. दोघांचीही विभागीय केंद्रे नागपूरला आहेत. ज्यांना उर्दूच सोयीची, त्यांच्यासाठी १९९८ साली स्थापन झालेले हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ दूरस्थ पद्धतीने पदवी देते. दहावी-बारावीच राहिली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिथेही जुन्या मंडळात पास झालेले दोन विषयांपर्यंत पुढे नेता येतात.

दूरस्थ आणि ऑनलाइन यांत फरक आहे. दूरस्थमध्ये पुस्तके आणि अभ्यासकेंद्र असते. ऑनलाइनमध्ये व्याख्याने, गृहपाठ सर्व संगणकावर. आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची दोन्ही प्रकारची पदवी कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची आहे. मात्र मान्यता संस्थेला सरसकट नसते, अभ्यासक्रमनिहाय आणि पद्धतनिहाय असते. आयोगाच्या यादीत तीन गोष्टी पाहाव्यात: त्या सत्राचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव, आणि दूरस्थ की ऑनलाइन. विद्यापीठाने आपले शिक्षण फ्रँचायझीमार्फत विकण्यास याच नियमांत मनाई आहे. म्हणजे आम्हाला भेटलेल्या इसमाची दुकानदारी मुळातच बेकायदा होती, आणि हे कळायला आम्हाला नऊ हजार लागले. २०२४ पासून तर दूरस्थ व ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याने आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतःचा ‘डेब आयडी’ काढावा लागतो आणि तो वरील श्रेयांक-खात्याला जोडलेला असतो. जो दलाल हा क्रमांक न मागता पदवीची हमी देतो, त्याच्याकडून उठून यावे.

वेळेचा हिशेबही आधीच मांडावा. इग्नूत एका श्रेयांकास ३० तासांचा अभ्यास धरतात. १२० श्रेयांक म्हणजे ३६०० तास. तीन वर्षांत करायचे तर रोज सव्वातीन तासांहून अधिक, सणावाराची सुटी न धरता. दुकान सांभाळून हे कठीण आहे. पण इग्नूत तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करण्याची मुभा आहे. तेव्हा रोज पावणेदोन तासांच्या आत बसते. आम्ही पहाटे फजरनंतर आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना बसतो. लग्नसराईत पुस्तक उघडणे होत नाही, ते खरे आहे.

आम्ही २०२३ साली नाशिकच्या विद्यापीठात बी.कॉम.ला पहिल्या वर्षापासून प्रवेश घेतला. मराठीतून लिहिण्याची धास्ती होती. पण पुस्तक उघडल्यावर गंमत वाटली. जमा, खर्च, बाकी, वसूल, नफा, रोजकीर्द, दस्तऐवज, हे शब्द तर आमच्या उर्दूच्या घरचेच, फारसी-अरबीतून आलेले. अडलो ते ‘घसारा’ या शब्दाशी. शिक्षकांनी यंत्राचे उदाहरण दिले, डोक्यात शिरले नाही. मग आम्हीच विचारले, दुकानाच्या काचेच्या कपाटाची किंमत दरसाल उतरते तो का? ते म्हणाले, तोच. वर्गातील मुले आम्हाला काका म्हणतात आणि जीएसटीचा भाग आला की आमच्याच बाकावर येऊन बसतात. दंड भरून शिकलेले आमच्याइतके त्यांच्यात कोणी नाही.

पहिले वर्ष निघाले, दुसऱ्यातला एक विषय राहिला आहे. पुतण्याची दुसऱ्या वर्षाची जमा मागच्या महिन्यात खात्यावर चढली. नव्या विद्यापीठात कोणते विषय धरणार याच्या लेखी उत्तराची तो वाट पाहतो आहे, आणि तोवर त्याला फी भरू दिलेली नाही. रविवारी आमचे संपर्कसत्र असते. त्या दिवशी सकाळी दुकानात तो बसतो. त्याचे वर्ग सुरू झाले की रविवारचे काय करायचे याचा विचार घरात चालू आहे.