धारचे देऊळ आणि लग्नाची वही

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला १८७२ हे साल विसरता येत नाही. भारतीय करार कायदा त्या सालचा, आणि उत्तरपत्रिकेत ते साल चुकले तर परीक्षक क्षमा करीत नाहीत. परंतु त्याच साली आणखी दोन कायदे झाले, ज्यांच्याशी आमच्या अभ्यासक्रमाचा संबंध येत नाही. एक पुराव्याचा आणि दुसरा ख्रिस्ती लोकांच्या विवाहाचा. पुराव्याचा कायदा आता गेला. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. विवाहाचा कायदा मात्र अजून चालू आहे. त्याची माझी ओळख वर्गात झाली नाही, आजीच्या निवृत्तिवेतनाच्या फायलीत झाली.

माझे आजोबा लष्कराच्या आस्थापनेत मुलकी कारकून होते. आधी महू, मग बदलीने बेळगाव, आणि पुढे बेळगावचेच झाले. ते वारल्यावर आजीने कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज केला. तेव्हा अशी अडचण निघाली की, सेवापुस्तकात पत्नी म्हणून आजीचे माहेरचे घरगुती नाव लिहिलेले आणि आधारकार्डावर सासरचे. या दोन्ही बाई एकच आहेत हे दाखवा, लग्नाचा दाखला आणा, असे पत्र आले. आजीची औषधे तोपर्यंत बाबांच्या पगारातून येत होती, आणि तिला तेच सर्वांत जास्त लागत होते. ती म्हणाली, "त्यांच्या नोकरीचे पैसे मला नकोत का म्हणतात? साठ वर्षं काय मी पाहुणी होते?"

दाखला या शब्दाची येथे थोडी गंमत आहे. आम्ही मराठीत दाखला म्हणतो तो हातात मिळणारा कागद. आमच्या कन्नड मित्रांचे 'दाखले' म्हणजे मूळ नोंद, दप्तर. मला शोधायचा होता मराठी दाखला. पण त्यासाठी आधी कन्नड दाखले सापडायला हवे होते.

लग्न १९५८ साली धारला झाले, एवढे घरात सर्वांना ठाऊक होते. कोणत्या चर्चमध्ये, असे विचारले की आजी म्हणे, "अगं, धारच्या देवळात. दुसरे कुठले असणार?" जुनी मराठी ख्रिस्ती माणसे चर्चला देऊळच म्हणतात. एक फोटो होता : कमान, तिच्यापुढे वधूवर, मागे अर्धवट आलेली मुले. आणि लग्नात भेट मिळालेले पवित्र शास्त्र होते. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर तारीख आणि एक सही. सामग्री एवढीच.

धार म्हटले की आपल्याला भोज राजा आठवतो. कन्नड विभागाच्या वाचकांना भोजाचा चुलता मुंज आठवेल, कारण त्याला हरवून कैद करणारा तैलप हा कल्याणच्या चालुक्यांचा मूळ पुरुष. मराठी माणसाला पवारांची गादी आठवते, आणि दुसरा बाजीराव धारच्या किल्ल्यात जन्मला हेही. या पवारांच्या संस्थानात कॅनडाच्या प्रेसबिटेरियन मिशनने १८९५ च्या सुमारास काम सुरू केले. हे मिशन त्याआधी १८७७ पासून इंदुरात होते. धारला डॉ. मार्गारेट ओहारा या बाई आल्या. संस्थानाने जागा दिली, स्त्रियांचा दवाखाना उभा राहिला. माझी पणजी, म्हणजे आजीची आई, लहान वयात त्याच दवाखान्यात कामाला लागली. ओहाराबाई १९२७ साली मायदेशी परतल्या, पण आमच्या घरात त्यांचे नाव परवापरवा गेल्यासारखे निघते.

आता मुख्य अडचण सांगते. आम्ही प्रथम 'धारचे चर्च' शोधत होतो, म्हणजे इमारत शोधत होतो. ती सापडणे कठीण नव्हते. बाबा आणि मी इंदूरपर्यंत रेल्वेने, पुढे बसने गेलो. फोटो हातात धरून बाबांनी कमान जुळवून पाहिली, बराच वेळ उभे राहिले. परंतु कमान दाखला देत नाही. दाखला वही देते, आणि १९५८ सालची त्या लग्नाची नोंद तेथल्या वहीत नव्हती. तेथील वृद्ध गृहस्थांनी आमच्याशी मराठीतच बोलून, चहा पाजून, ती वही पानन्‌पान दाखवली. नव्हती ती नव्हती.

वही कोठे असेल हे समजण्यासाठी दोन गोष्टी अभ्यासाव्या लागल्या. पहिली म्हणजे संस्थेचा इतिहास. आमच्या कंपनी हिशेबाच्या पुस्तकात एकत्रीकरणाचे प्रकरण आहे : अ आणि ब या कंपन्या मिळून क होते, मग अ ची येणी, देणी आणि दप्तरे कोणाकडे जातात? चर्चचेही असेच झाले आहे. हिंदुस्थानातल्या प्रेसबिटेरियन मंडळ्यांची १९०४ मध्ये एक संस्था झाली. तिच्यात १९२४ साली काँग्रिगेशनल पंथाचे लोक मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, तिकडे कॅनडात मूळ मिशनचेही युनायटेड चर्च ऑफ कॅनडात रूपांतर झाले. शेवटी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा संस्था मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. काही मंडळ्या त्यात गेल्या नाहीत, जुन्याच नावाने राहिल्या. तेव्हा १९५८ च्या लग्नाची चौकशी आजच्या पाटीवरील नाव वाचून केली तर उत्तर मिळेलच असे नाही. त्या वर्षी संस्था कोणती होती आणि १९७० नंतर तिचे दप्तर कोणी सांभाळले, असे विचारावे लागते. मी पत्रात तसे विचारू लागले तेव्हापासून मला उत्तरे येऊ लागली. त्याआधी एका कार्यालयाने 'माहिती उपलब्ध नाही' एवढ्या तीन शब्दांत बोळवण केली होती.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि मला ती अधिक मनोरंजक वाटली. १८७२ च्या कायद्यात युरोपियन वधूवरांचे लग्न लावणाऱ्या परवानाधारक पाळकाने नोंद दोन प्रतींत करायची आहे. एक वहीत, दुसरी वहीला जोडलेल्या प्रमाणपत्रावर. ते प्रमाणपत्र महिन्याच्या आत विवाह निबंधकाकडे पाठवायचे, तेथून ते वर महानिबंधकाकडे जायचे. इंग्रजी अमदानीतल्या अशा नोंदींच्या प्रती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पाहता येतात. महूच्या छावणीतल्या गोऱ्या शिपायाचे लग्न अशा रीतीने लंडनलाही नोंदले गेले. परंतु कलम ३७ म्हणते की, वधूवर भारतीय ख्रिस्ती असतील तर हे सर्व नको. (मूळ शब्द 'नेटिव्ह ख्रिस्ती' असा होता.) त्यांच्यासाठी वेगळी वही ठेवावी. पाळक जिल्हा सोडून गेला तर त्याने ती आपल्या जागी येणाऱ्याच्या स्वाधीन करावी. वही भरली की ती महानिबंधकाच्या दप्तरात पाठवावी.

म्हणजे साहेबाला दुहेरी नोंद आणि आम्हाला एकेरी! हिशेबशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आम्हाला शिकवतात की एकेरी नोंदीत चूक सापडत नाही आणि वही हरवली की सर्व हरवले. कायदा करणाऱ्यांनी तेव्हा कोणता विचार केला असेल तो असो. पण स्वातंत्र्यानंतर अकरा वर्षांनी झालेल्या माझ्या आजीच्या लग्नालाही तेच कलम लागू होते, याचे मला वाईट वाटले.

मात्र त्याच कलमात शोधाची वाट होती. वही इमारतीची नाही, वही लग्न लावणाऱ्याची आहे. ती त्याच्या पदाबरोबर एकाकडून दुसऱ्याकडे जाते. मग प्रश्न उरला तो एवढाच की लग्न लावले कोणी? पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावरची सही आम्ही इतके दिवस भेट देणाऱ्याची सही म्हणून पाहत होतो. भिंगाने पाहिले तेव्हा सहीखाली गावाचे नाव दिसले, आणि ते गाव धार नव्हते. त्याच जिल्ह्यातले दुसरे होते. आजीला विचारले. ती सहज म्हणाली, "हो, पाळक बाहेरून आले होते. मोटार वाटेत बिघडली म्हणून सगळे ताटकळलो होतो." हे तिने आधी का सांगितले नाही? आम्ही कधी विचारलेच नव्हते. आम्ही देऊळ विचारत होतो, ती देऊळ सांगत होती.

त्या गावचे आजचे पाळक म्हणजे त्या पदाचे वारस. त्यांना पत्र लिहिले, मग फोन केला. त्यांच्या लोखंडी कपाटात वही होती. ती महानिबंधकाकडे का गेली नव्हती, याचे कारण साधे होते : ती कधी भरलीच नाही. लहान मंडळी, वर्षाला एखादे लग्न; निम्मी पाने अजून कोरी होती.

कलम ७९ प्रमाणे ज्याच्या ताब्यात वही आहे त्याने योग्य फी घेऊन ती पाहू दिली पाहिजे आणि मागितल्यास नक्कल सहीनिशी दिली पाहिजे. कलम ८० प्रमाणे अशी नक्कल, आणखी शाबिती न मागता, लग्नाचा पुरावा म्हणून घ्यावी लागते. आमच्यासारखी अडचण असणाऱ्यांनी अर्जात ही दोन्ही कलमे लिहावीत, असे मी सुचवीन. पुराव्याच्या जुन्या कायद्यात आणि नव्या अधिनियमातही तीस वर्षांहून जुन्या कागदाला काही मान आहे, पण तो कागद योग्य ताब्यातून आलेला असावा लागतो. म्हणून पाने फाडून किंवा वही उचलून घरी नेण्याचा मोह कोणी धरू नये. कपाटात आहे तोवर तो पुरावा आहे.

१९४८ पूर्वीच्या लग्नांना हे सर्व जसेच्या तसे लावता येणार नाही. तेव्हा धार हे संस्थान होते आणि तेथे इंग्रजी मुलखाचे नियम सरसकट चालत नसत. शेजारच्या देवासात तर एकाच गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. तेथला जुना कागद शोधणाऱ्याला घर कोणत्या पातीत होते येथपासून सुरुवात करावी लागेल. आमचे लग्न १९५८ चे, धार तोवर मध्य प्रदेशात आलेले, म्हणून आम्ही सुटलो.

आपल्या हिंदू शेजाऱ्यांची त्या काळची लग्ने पुष्कळदा कोठेच नोंदलेली नाहीत. पत्रिका आणि फोटो हाच पुरावा. सर्व धर्मांच्या विवाहांची नोंद सक्तीची करावी असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले. त्या मानाने आमची एकेरी वहीसुद्धा बरीच म्हणायची.

नकलेत वधूवरांची नावे, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण आणि दोघांच्या वडिलांची नावे होती. वधूचे नाव घरगुती होते, तेच सेवापुस्तकातले. आणि वडिलांचे नाव तेच, जे आजीच्या शाळेच्या दाखल्यावर आहे. त्यावरून दोन्ही नावांची बाई एक ठरली. आईच्या नावाला वहीत रकानाच नाही. दवाखान्यात हयात घालवून जिने हे घर चालवले ती पणजी नोंदीत कोठे बसावी? पण साक्षीदार दोन लागतात. दुसरी सही तिची आहे, मराठीत, जाड आणि सरळ रेघेची. बाबांनी ती प्रथम ओळखली नाही, आजीने ओळखली.

नकला तीन घेतल्या. एक कार्यालयात दिली, आणि दोन महिन्यांनी थकबाकीसह निवृत्तिवेतन सुरू झाले. एक काकांकडे आहे. तिसरी आजीने पवित्र शास्त्रात, त्या सहीच्या पानाशी ठेवली आहे.