एका वेळी एकच पुस्तक

ऑटिझमचं निदान झाल्या झाल्या सहा-सात पुस्तकं एकदम मागवू नका. हात शिवशिवतात, ठाऊक आहे मला. रात्री मूल झोपलं की मोबाइल घेऊन शोधत बसायचं आणि दिसेल ते कार्टमध्ये टाकायचं. त्यातली निम्मी कपाटात पडून राहतात, उरलेली जीव घाबरा करतात. पुस्तक उघडलं की आधी एवढंच बघा, ते तुम्हाला, आईबापांना, काय म्हणतंय? दोष देत असेल तर मिटा. ‘सहा महिन्यांत मूल नॉर्मल’ म्हणत असेल तर पैसेच घालू नका.

हे उगाच नाही सांगत. १९६७ साली अमेरिकेत दोन पुस्तकं आली. एक ब्रुनो बेटेलहाइम यांचं ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’. शिकागोत मुलांची मोठी संस्था चालवणाऱ्या या गृहस्थांनी ऑटिझमचं खापर थेट आईवडिलांवर, त्यातही आईच्या कोरडेपणावर फोडलं. दुसरं ‘द सीज’, क्लारा पार्क या आईनं आपल्या सगळ्यात धाकट्या लेकीच्या पहिल्या आठ वर्षांबद्दल लिहिलेलं. लेक आपल्यातच गुंग. आणि आई दिवसेंदिवस तिच्याशेजारी बसून, तिच्याच खेळातून आत शिरायची वाट शोधते आहे. खरं तर १९६४ मध्येच बर्नार्ड रिमलंड यांनी, जे मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिस्टिक मुलाचे वडीलही, ऑटिझमचं मूळ शरीरात, मेंदूत आहे, आईच्या मायेत नाही, हे मांडलं होतं. तरी बेटेलहाइम यांचा शब्द पुढे कित्येक वर्षं चालला आणि कितीतरी आयांनी तो निमूटपणे सोसला. आजही लग्नाकार्यात एखाद्या काकू ‘तू नोकरी करतेस ना, म्हणून गं’ असं सहज बोलून जातात. त्यांना बेटेलहाइम कोण ते माहीत नसतं, पण बोलतात त्यांचंच.

ऑटिझम असलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेलं वाचायचं असेल तर टेम्पल ग्रँडिन यांचं ‘थिंकिंग इन पिक्चर्स’ घ्या. साडेतीन वर्षांपर्यंत न बोललेली ही मुलगी पुढे पशुविज्ञानाची प्राध्यापक झाली. मात्र ते वाचून आपलं मूलही चित्रांतूनच विचार करतं असं धरून चालू नका. सगळेच तसे नसतात, हे त्यांनीही नंतर लिहिलंय. जपानच्या नाओकी हिगाशिदा यांचं ‘द रीझन आय जम्प’ हे तेराव्या वर्षी लिहिलेलं पुस्तक फार गाजलं. वाचताना डोळ्यांत पाणी येतं. पण अक्षरफळ्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवत केलेल्या त्या लिखाणात मदतनिसाचा वाटा किती, याबद्दल तज्ज्ञांनी शंका घेतल्या आहेत. तेव्हा त्यातली वाक्यं आपल्या मुलाच्या तोंडी घालू नका. इंग्रजी जड जात असेल तर अच्युत गोडबोले यांच्या ‘मुसाफिर’ या आत्मचरित्रात त्यांच्या मुलाविषयी आलंय ते वाचा. सगळं आपल्या भाषेतलं आणि आपल्याच आसपासच्या घरातलं.

लहान मुलांच्या पालकांना मी एकच कामाचं पुस्तक सुचवते, सॅली रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ‘ॲन अर्ली स्टार्ट फॉर युवर चाइल्ड विथ ऑटिझम’. अंघोळ, जेवण, कपडे घालणं यांतूनच शिकवायचं, वेगळा ‘तास’ लावायचा नाही, अशी त्याची रीत. आता साबणाचे फुगेच घ्या. मुलाच्या समोर, त्याच्या नजरेच्या पातळीवर बसा. दोनदा फुगे उडवा. मग काडी ओठांजवळ धरून थांबा. ‘बोल, फुगा बोल’ असा लकडा लावू नका. मनात दहापर्यंत मोजा. तो तुमच्याकडे बघेल, हात ढकलेल किंवा नुसता ‘फ’ काढेल. यातलं काहीही झालं की लगेच ‘फुगा!’ म्हणा आणि उडवा. हे थांबणं फार अवघड जातं हो, त्यातून आजी शेजारी बसल्या असतील तर फारच!

बोलणं आलं नसेल तर पुस्तकाच्या जोडीला ‘जेलो’ हे आयआयटी मुंबईत तयार झालेलं ॲप बघा. चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं, मराठीतही, आणि फुकट आहे. ॲपची सवय लागली तर मूल कधी बोलणारच नाही, ही भीती जवळपास प्रत्येक बाबा बोलून दाखवतात. आजवरच्या अभ्यासांतून तसं काही दिसलेलं नाही. काही मुलांचं बोलणं उलट थोडं वाढलेलंच दिसतं.

एक पुस्तक मात्र दुकानात मिळणार नाही, ते घरीच बनवायचं. अमेरिकेतल्या कॅरोल ग्रे या शिक्षिकेनं नव्वदच्या सुमारास सोशल स्टोरीची, म्हणजे एखादा प्रसंग मुलाला छोट्या गोष्टीतून आधीच समजावून सांगायची पद्धत बसवली, ती घरी सहज जमते. समजा, मूल कटिंगच्या दुकानात आकांत करतं. आधी एकट्यानं जाऊन फोटो काढून आणा: दुकानाची पाटी, खुर्ची, गळ्याभोवतीचं कापड, पाण्याचा फवारा, मशीन. दुकानदारदादांना विचारून. मग एका पानावर एक फोटो आणि खाली एक ओळ. ‘दादा फवारा मारतात. मान ओली होते.’ ‘मशीन घुर्रर्र करतं.’ ‘मला आवाज आवडला नाही तर मी कानांवर हात ठेवतो. दादा थांबतात.’ पण दादा खरंच थांबणार का, हे छापायच्या आधी पक्कं करून घ्या. पुस्तकात एक आणि दुकानात भलतंच, असं एकदा झालं की मूल पुढच्या पुस्तकावर विश्वास ठेवत नाही. ‘शहाण्यासारखं बसायचं’, ‘रडायचं नाही’ असली वाक्यं नकोत. काय होतं, कसं वाटतं हे जास्त. काय करायचं हे एखाद्याच ओळीत. ‘मला मजा येते’ असंही लिहू नका, मजा येते की नाही ते त्याचं तो ठरवेल.

झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रिंट काढून लॅमिनेशन आणि स्पायरल करून घ्या, कारण पानं चावली जातात, भिजतात. कटिंगच्या दिवशी सकाळी घाईत नको, आदल्या आठवड्यापासून, मूल निवांत असताना वाचा. आणि दोन प्रती काढा. एक कटिंगवाल्या दादांना द्या. कधी फवारा आणि कधी मशीन, हा क्रम त्यांनाही पाठ व्हायला हवा.