थंडीचे पाहुणे आणि आमचा पक्षी-फळा



आमच्या शाळेच्या ओट्यावर एक जुना फळा टांगलेला आहे. त्याला आम्ही पक्षी-फळा म्हणतो. गावात कुणालाही नवा पक्षी दिसला की त्याने फळ्यावर लिहायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याने आम्हाला सांगायचे, मग आम्ही लिहितो. आठवडा संपला की सगळे एका वहीत उतरवतो आणि फळा पुसतो.

हा फळा आम्ही ५ नोव्हेंबरला सुरू केला. महाराष्ट्रात २०२० सालापासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस. ते १९३२ साली सोलापूरला जन्मले. ते वनखात्यात अधिकारी होते. पक्ष्यांची मराठी नावे जमवून त्यांनी पक्षीकोश लिहिला. जून २०२५ मध्ये ते वारले. १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. ते १८९६ साली मुंबईत जन्मले. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि पुढे सगळे आयुष्य पक्ष्यांमागे हिंडले. ही संस्था १८८३ साली स्थापन झाली. ती आजही आहे.

आता पाहुण्यांची माहिती सांगतो.

पाहुणे का येतात? उत्तरेकडे थंडीत बर्फ पडते. पाणी गोठते, किडे मिळत नाहीत, दिवसही लहान होतो. मग खायचे काय? म्हणून पक्षी दक्षिणेकडे येतात. आपल्या वाणगावला तेव्हा भाताची कापणी झालेली असते. शेतात वाल आणि मिरची लावतात. मिरचीला पाणी देतात. ओल्या जमिनीवर किडे असतात. पाहुण्यांना जेवण तयार असते. मार्च-एप्रिलमध्ये ऊन वाढले की ते परत जातात, कारण त्यांची घरटी आणि पिल्ले तिकडेच होतात. वाट त्यांना सूर्यावरून, ताऱ्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकशक्तीवरून कळते. डोंगर, नदी, किनारा या खुणाही ते ओळखतात.

धोबी : हा शेपटी सारखी वर-खाली हलवतो, म्हणजे धोबी कपडे आपटतो तशी. म्हणून त्याचे नाव धोबी. काही लोक परीट म्हणतात. थंडीत येणाऱ्या पांढऱ्या धोब्याचे कपाळ आणि गाल पांढरे असतात. पण एक थोरला धोबी आपल्याकडे बारा महिने राहतो. त्याचे तोंड काळे आणि भुवई तेवढी पांढरी. म्हणून धोबी दिसला की आधी तोंड बघायचे, मग पाहुणा की घरचा ते ठरवायचे.

भिंगरी : स्टेशनकडे गेलात तर रेल्वेच्या तारांवर रांगेने बसलेल्या दिसतात. पाठ निळीकाळी, शेपटी दुभंगलेली. त्या उडता उडता किडे खातात.

भोरडी : हिला पळसमैनाही म्हणतात. अंग गुलाबी, डोके व पंख काळे. ही मध्य आशियातून थव्याने येते. पळस आणि सावरीच्या फुलांतला मध तिला आवडतो.

तुतवार : खाडीच्या चिखलात पळत पळत चोच खुपसणारा लहान पक्षी. ओहोटी असली की दिसतो, भरती आली की चिखल झाकतो आणि तो दुसरीकडे जातो.

कुरव : समुद्रावरचा पांढरा-राखाडी पक्षी. याच्याबद्दल पुढे सांगणार आहे.

पक्षी किती लांब उडतात हे ऐकून मला खरे वाटेना. २०२२ साली गॉडविट नावाचा एक पक्षी अलास्काहून निघून टास्मानियाला उतरला. त्याच्या अंगावर छोटे यंत्र बसवले होते, म्हणून कळले. तो मध्ये कुठेही न थांबता सुमारे १३,५६० किलोमीटर उडाला. त्याला ११ दिवस लागले. आणि तो फक्त पाच महिन्यांचा होता! कधी कधी पक्ष्याच्या पायात नंबरचे हलके कडेही घालतात. तो पक्षी दुसऱ्या गावी सापडला की नंबरावरून तो कुठून आला ते समजते. तुम्हाला असे कडे दिसले तर पक्ष्याला त्रास न देता नंबर लिहून घ्या आणि बाईंना सांगा.

आता माझी गोष्ट सांगतो. बाई म्हणाल्या, ही लिहिलीच पाहिजे असे काही नाही. पण मी लिहितो.

फळ्यावर माझ्या बाकावरच्या मित्राच्या सात नोंदी झाल्या होत्या. त्याचे घर कालव्याजवळ आहे, त्याला रोज काहीतरी दिसते. माझ्या दोनच नोंदी, एक कावळा आणि एक गायबगळा. मुले हसायची. त्या रविवारी मी चिंचणीला आत्याकडे गेलो. खाडीवर गेलो तेव्हा भरती होती. चिखल कुठेच नव्हता. पाण्यावर थोडे पांढरे पक्षी तेवढे होते. मला वाटले, यात काय लिहायचे?

सोमवारी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले : रोहित पक्षी, ४०, चिंचणी खाडी, रविवार सकाळ. रोहित म्हणजे गुलाबी पंखांचा, उंच पायांचा पक्षी. तो ठाण्याच्या खाडीत हजारोंनी येतो. तिथे २०१५ साली त्याचे अभयारण्य झाले. हे आम्ही वर्गात शिकलो होतो, म्हणून मला लिहिता आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला आधी बरे वाटले, मग दुपारी डबा खाववेना.

पुढच्या रविवारी दुसरीतली एक मुलगी आजोबांच्या मागे लागून खाडीवर गेली. तिचे आजोबा मिरचीच्या वाडीत तोडणीला जातात. त्यांनी त्या दिवशी खाडा केला आणि तिला एस.टी.ने चिंचणीला नेले. ती दोघे दुपारपर्यंत उन्हात बसली. सोमवारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “दादा, ते रोहित कुठल्या बाजूला बसले होते? आम्ही चुकीच्या बाजूला बसलो वाटतं.”

मला काही बोलता आले नाही. तिला वाटत होते चूक तिचीच आहे.

मधल्या सुट्टीत मी बाईंना सांगितले, “बाई, मी रोहित पाहिले नाहीत. खोटं लिहिलं.” मला वाटले मार बसणार. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी वही काढली. मी खोडरबर घेतले तर म्हणाल्या, “पुसू नको. एक आडवी रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला लिही, नोंद रद्द, आणि सही कर.” मी तसे केले. नंतर त्यांनी विचारले, “मग खरंच काय पाहिलंस?” मी म्हटले, “काही नाही, नुसते पांढरे पक्षी. डोळ्यामागे एक काळा ठिपका होता.” बाईंनी पुस्तक उघडून चित्र दाखवले. तोच पक्षी! तो कुरव. उन्हाळ्यात त्याचे डोके तपकिरी किंवा काळे असते आणि थंडीत पांढरे होते, ठिपका तेवढा उरतो. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेटकडच्या उंच तलावांवर घरटे करतो, तिथून हिमालय ओलांडून येतो. मला आनंद झाला. मी लगेच तपकिरी डोक्याचा असे लिहायला लागलो, तर बाईंनी हात धरला. “काळ्या डोक्याचा पण थंडीत असाच दिसतो. पंखाचं टोक पाहिलंस? तपकिरीवाल्याचं टोक काळं आणि त्यात पांढरा ठिपका.” मी पाहिले नव्हते. म्हणून वहीत नुसते लिहिले : कुरव, अंदाजे १५, जात माहीत नाही.

मग मी त्या मुलीला खरे सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे आम्ही बरोबर बाजूलाच होतो?” संध्याकाळी तिच्या आजोबांकडेही गेलो. ते म्हणाले, “माझा एक दिवसाचा रोज बुडाला रे पोरा.” एवढेच म्हणाले, रागावले नाहीत. तेच मला जास्त लागले. म्हणून पुढच्या रविवारी मी आईला विचारून त्यांच्याबरोबर मिरची तोडायला गेलो. दुपारपर्यंत बोटे आणि डोळे चुरचुरत होते. माझी अर्धी टोपलीसुद्धा भरली नाही, त्यांच्या तीन भरल्या. तेवढ्यात ते म्हणाले, “तो बघ, रोज याच वेळेला येतो.” एक मोठा तपकिरी पक्षी पंख वर धरून पिकावरून अगदी खालून तरंगत गेला. पुस्तकात पाहिले, तो दलदली भोवत्या. तोही थंडीचा पाहुणा. फळ्यावर ती नोंद आम्ही त्यांच्या नावाने लिहिली. पाहणारे : आजोबा.

नोंद कशी लिहावी

१. तारीख, वेळ आणि जागा लिहा.
२. किती पक्षी ते लिहा. थवा मोठा असेल तर आधी दहा मोजा, मग तसे दहा-दहाचे किती गट होतात ते बघा, आणि पुढे ‘अंदाजे’ लिहा.
३. तो काय करत होता ते लिहा.
४. नाव माहीत नसेल तर ‘अनोळखी’ लिहा. रंग, चोच, पाय, शेपटी सांगा. अनोळखी लिहिणे ही चूक नाही.
५. चूक झाली तर एक रेघ मारा, पुसू नका.
६. खाडीवर जायचे तर ओहोटीची वेळ विचारून जा, आणि मोठ्या माणसाबरोबरच जा.

आमच्या फळ्यावरच्या बातम्या

दळणाला येणाऱ्या एका मावशींनी स्टेशनजवळ भिंगऱ्या पाहिल्या, तारा भरून. माझ्या बाकावरच्या मित्राने कालव्यावर ९ धोबी मोजले. त्यांतले २ घरचे निघाले. एका काकांनी मिरचीच्या जाळीत अडकलेला वेडा राघू कात्रीने दोरा कापून सोडवला. बाईंनी सर्वांना विनंती केली आहे की जुनी फाटलेली जाळी शेतात टाकून ठेवू नये, गुंडाळून ठेवावी. संक्रांतीला पतंग उडवा, पण साध्या सुती दोऱ्यानेच. नायलॉनच्या मांजावर २०१७ साली बंदी आली आहे, आणि त्याने पक्ष्यांचे पंख व माणसांचे गळे कापतात.

आईबाबांनो, फळ्याजवळ खडू ठेवला आहे. येता-जाता तुम्हाला जे दिसले असेल ते लिहून जा. घाई असेल तर मला हाक मारा, मी लिहितो. फक्त एकच विचारीन, “तुम्ही स्वतः पाहिलंत ना?” राग मानू नका. हे मी आता सगळ्यांना विचारतो, आणि आधी स्वतःला विचारतो.

इयत्ता चौथी, वाणगाव