घटक ४ : पोत आणि मजकूर – दुकानातील व पडद्यावरील खरेदीच्या भाषेचा तुलनात्मक अभ्यास

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर एकाच व्यवहाराची बोलली जाणारी आणि लिहिली जाणारी रूपे तुम्हांला शेजारी ठेवून तपासता येतील. विक्रीच्या मजकुरातील नेमका शब्द आणि मोघम शब्द यांतील भेद ओळखता येईल. तसेच असा मजकूर खोटा ठरल्यास त्याच्या आधारे तक्रारअर्जाचा मसुदा तयार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण जाहिरातीच्या भाषेचा विचार केला. जाहिरात ग्राहकाला दुकानाच्या दारापर्यंत आणून सोडते. दारातून आत गेल्यावर, किंवा मोबाइलच्या पडद्यावर वस्तूचे पान उघडल्यावर, भाषेचे जे खरे काम सुरू होते, ते या घटकाचा विषय आहे.

'ऑनलाइन खरेदी : फायदे व तोटे' या विषयावरील निबंध तुमच्यापैकी अनेकांनी लिहिला असेल. वेळ वाचतो, परंतु माणसांशी संबंध तुटतो. वस्तू घरी येते, परंतु फसवणूक होऊ शकते, अशी वाक्यांची जोडी लावत जाणारे हे लेखन बहुधा नीरस होते. त्याचे एक कारण असे की, त्यात विकत घ्यायची वस्तू कोणती, हेच सांगितलेले नसते. पुस्तकाचे उदाहरण घ्या. लेखक, प्रकाशक आणि आवृत्ती एवढे कळले, की ते पुस्तक पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून घेतले काय किंवा टपालाने मागवले काय, आतील मजकूर तोच असतो. एक शोधताना शेजारचे दुसरेच पुस्तक हाती लागण्याचा आनंद तेवढा हुकतो. तूरडाळीचे तसे नाही आणि पैठणीचे तर मुळीच नाही. म्हणून पुढील विवेचनासाठी आपण पैठणी हीच वस्तू घेणार आहोत.

४.२ दुकानातील संवाद

नाशिक जिल्ह्यातील येवला हे पैठणीचे गाव. तेथील दुकानात घडू शकेल असा एक संवाद पाहू.

'या वहिनी, बसा. काय दाखवू?'

'पैठणी बघायची होती. जरा बऱ्यापैकी.'

'कुणासाठी?'

'मुलीचं लग्न आहे. विहीणबाईंना द्यायची.'

'मग फार भडक नको. ही बघा, बांगडी मोराचा पदर आहे. उजेडात घ्या हवं तर.'

या पाच-सहा वाक्यांत किमतीचा आकडा कुठेच नाही, तरीही किमतीची बोलणी सुरू झालेली आहे. 'बऱ्यापैकी' या एका शब्दाने ग्राहकाने आपली वरची आणि खालची, दोन्ही मर्यादा सांगून टाकली. 'कुणासाठी?' हा प्रश्न तर या व्यवहाराचा कणा आहे. मानपानाची साडी, स्वतःसाठी हौसेने घेतलेली साडी आणि नवरीची साडी या विक्रेत्याच्या मनात तीन वेगळ्या वस्तू असतात. तो नाते विचारतो आणि त्यावरून रंग, काठ व भाव यांचा अंदाज बांधतो. पडद्यावरचे पान ग्राहकाला रंग, किंमत आणि मापाच्या चौकटी देते. साडी कुणासाठी आहे हे ते सहसा विचारत नाही.

मात्र या संवादाकडे केवळ गहिवरून पाहणे योग्य नव्हे. 'या वहिनी, बसा' हे स्वागत सर्वांच्या वाट्याला येत नाही. पायातल्या चपला, अंगावरचे कपडे आणि बोलण्यातील हेल यांवरून माणूस जोखला जातो. महाग साडी नुसती पाहायला मागणाऱ्या बाईला 'तुम्हांला त्या परवडायच्या नाहीत, ह्या बघा' असे ऐकवले जाते. कधी शब्दांनी, अधिक वेळा नुसत्या नजरेने. दहा साड्या उलगडायला लावून काही न घेता उठण्याचा संकोच तर अनेकींना इतका वाटतो, की त्या संकोचापोटीच नको असलेली साडी पदरात पडते. पडद्यावर हा संकोच उरत नाही. मध्यरात्री दोनशे पैठण्या पाहून फोन बाजूला ठेवला, तरी कोणी कपाळाला आठी घालत नाही. दुकानाच्या पायरीवर ज्यांना अवघडल्यासारखे झाले आहे, त्यांच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही.

४.३ हाताची साक्ष

हातमागावरील पैठणीच्या पदरावरील मोर, मुनिया, कमळ किंवा असावली ही नक्षी निरनिराळ्या रंगांचे आडवे धागे हाताने गुंतवून विणलेली असते. त्यामुळे साडी उलटी करून पाहिली, तरी नक्षी सुलट बाजूसारखीच दिसते. यंत्रावर विणलेल्या नकलेच्या मागील बाजूस बहुधा सुटे लोंबणारे किंवा कापलेले धागे आढळतात. येवल्यातील जाणती स्त्री दुकानात बसताच पदराची मागची बाजू पाहते, ती यासाठी. दुसरी गोष्ट रंगाची. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असेल, तर कापड हलवताच रंग बदलल्याचा भास होतो. अशा कापडाला धूपछाव म्हणतात. छायाचित्रात यांपैकी एकच क्षण गोठतो. म्हणूनच 'फोटोत वेगळा रंग होता' ही तक्रार दर वेळी विक्रेत्याच्या लबाडीमुळेच उद्भवते असे नाही.

येथे मराठीच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. 'पोत', 'वीण' आणि 'पदर' हे कापडाचे शब्द आपण साहित्याच्या चर्चेत नेहमी वापरतो. कवितेचा पोत, कथेची घट्ट वीण, अर्थाचे पदर असे लिहिताना हे शब्द मुळात बोटांनी मिळवलेल्या ज्ञानाचे आहेत, याचा आपल्याला विसर पडतो. पोत पाहायला हात लावावा लागतो. पडद्यावरून होणाऱ्या खरेदीत नेमकी हीच साक्ष वजा होते आणि तिची जागा शब्दांना भरून काढावी लागते.

४.४ पडद्यावरील वर्णन

हे शब्द ती जागा कशी भरतात, ते पाहू. पुढील मजकूर अभ्यासासाठी रचलेला आहे. मात्र याच्याशी मिळताजुळता मजकूर तुम्हांला कोणत्याही दिवशी वाचायला मिळेल :

'पारंपरिक पैठणी डिझाइन साडी. आर्ट सिल्क. टेस्टेड जरी. सिल्की फील. लग्नसमारंभासाठी उत्तम.'

घाईने वाचणाऱ्याला यातून रेशमी, जरीची, पारंपरिक पैठणी दिसते. सावकाश वाचणाऱ्याला ती कुठेच दिसत नाही. ही साडी 'पैठणी' नसून 'पैठणी डिझाइन' आहे. म्हणजे नक्षी पैठणीची, विणकामाविषयी मौन. 'आर्ट सिल्क' याचा अर्थ कलात्मक रेशीम नव्हे. 'आर्ट' हे येथे 'आर्टिफिशियल' या शब्दाचे लघुरूप असून त्याचा अर्थ कृत्रिम रेशीम असा होतो. 'टेस्टेड जरी' हा शब्द ऐकून जर पारखून घेतली असावी असे वाटते. प्रत्यक्षात व्यापारात तो अस्सल चांदीच्या जरीहून कमी प्रतीच्या जरीसाठी वापरतात. 'सिल्की फील' तर रेशीम नसल्याची जवळजवळ कबुलीच आहे. या वर्णनात एकही विधान खोटे नाही, हे विशेष. दिशाभूल घडते ती वाचणाऱ्याच्या घाईच्या आधाराने. दुकानदार 'अस्सल रेशीम आहे, डोळे झाकून घ्या' असे म्हणतो, तेव्हा तो सरळ विधान करतो. ते खरे असेल किंवा खोटे. पडद्यावरचा मजकूर विधान टाळून आभास निर्माण करतो. 'डिझाइन', 'टाइप', 'सेमी', 'लुक' हे शब्द नामाला लागलेले दिसले, की त्या नामावर विश्वास ठेवण्यापूर्वी वर्णन पुन्हा वाचावे.

ग्राहकांच्या अभिप्रायांनाही हीच कसोटी लावता येते. 'खूप सुंदर, पैसा वसूल' या अभिप्रायातून वस्तूविषयी काहीच कळत नाही. 'काठ चांगला आहे, पण मागून धागे सुटलेत आणि निऱ्या फुगतात' असे लिहिणाऱ्या बाईने साडी नेसून पाहिली आहे, हे त्या वाक्यावरूनच समजते. दुकानात सोबत नेलेली नणंद किंवा शेजारीण जे काम करीत असे, ते आता हे अनोळखी वाक्य करते. ज्या अभिप्रायात प्रत्यक्ष वापराचा तपशील आहे, त्याचे मोल पाच ताऱ्यांहून अधिक समजावे.

४.५ शब्दाची जबाबदारी

आता या तुलनेची दुसरी बाजू. दुकानात बोललेला शब्द हवेत विरतो. 'अस्सल रेशीम' असे तोंडाने सांगितले जाते आणि पावतीवर 'साडी, १ नग' एवढेच उमटते. अनेकदा पावतीही मिळत नाही. पुढे वाद झाला, तर सिद्ध करण्यासारखे हाती काही नसते. पडद्यावरचा शब्द मात्र लिखित असतो आणि लिखित शब्दाला जाब विचारता येतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा १९८६च्या कायद्याच्या जागी आला आणि जुलै २०२० पासून अमलात आला. त्याच महिन्यात ई-वाणिज्याविषयीचे नियमही लागू झाले. वस्तू सदोष किंवा बनावट असेल, अथवा जाहिरातीत सांगितलेले गुणधर्म तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास वा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही, असे हे नियम सांगतात. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाचे कौतुक लिहिण्यासही त्यांत मनाई आहे. तक्रार आल्यावर ४८ तासांत तिची पोच देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे ही तक्रार निवारण अधिकाऱ्याची जबाबदारी ठरते. आयोगाकडे जाण्याची वेळ आली, तर ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते; विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

प्रत्यक्ष दुकानही कायद्याबाहेर नाही. पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी भिंतीवर कितीही ठळक असली, तरी सदोष मालाला ती लागू पडत नाही. पावतीवर वेगळी मुदत नसेल, तर अशा मालासाठी ३० दिवसांची मुदत कायदा देतो. म्हणून दुकानात पैसे देण्यापूर्वी 'पावतीवर हातमाग आणि शुद्ध रेशीम असं लिहून द्या' एवढे एक वाक्य उच्चारावे. विक्रेता ते आनंदाने लिहून देतो की विषय बदलतो, यावरून बरेच काही कळते. पडद्यावरून घेताना मागणी नोंदवण्याआधी वर्णनाच्या पानाचे चित्र जपून ठेवावे, कारण ते पान पुढे बदलू शकते.

४.६ स्वाध्याय

(अ) आपल्या गावातील कापडाच्या किंवा भांड्यांच्या दुकानात अर्धा तास बसून एका खरेदीचा संवाद जसाच्या तसा उतरवून काढा. ग्राहकाने किमतीचा पहिला उल्लेख कोणत्या शब्दांत केला, ते नोंदवा. दुकानदाराची परवानगी आधी घ्यावी.

(आ) त्याच वस्तूचे पडद्यावरील वर्णन मिळवा. त्यातील प्रत्येक विशेषणापुढे 'नेमके', 'मोघम' किंवा 'आभासी' असे लिहा आणि प्रत्येकाचे कारण एका वाक्यात द्या.

(इ) हातमागाची म्हणून मागवलेली साडी यंत्रमागाची निघाली, असे समजून तक्रार निवारण अधिकाऱ्यास सुमारे १५० शब्दांचा अर्ज लिहा. अर्जात संताप व्यक्त करणारे एकही विशेषण नसावे. वर्णनातील मूळ शब्द आणि साडीच्या मागच्या बाजूस जे दिसते ते, एवढेच असावे.